पाखरं गप्प झाली की

आज दुपारी ओसरीत गवार मोडत बसले होते. कडुनिंबाखालच्या पाण्याच्या परातीवर साळुंक्यांचा नेहमीसारखा दंगा चालला होता, आणि एकाएकी तो थांबला. खारीची चिरचिर थांबली, बुलबुल थांबला, कुंपणावरच्या सातभाईंची न संपणारी भांडणंसुद्धा मिटली. वारं पडलेलं, ऊन जागच्या जागी. अर्धी मोडलेली शेंग हातात तशीच राहिली. पाखरं धरायला कुठून तरी शिक्रा आला असेल, दुसरं काय, असं मी स्वतःला समजावलं. पण पाय केव्हाच अंगणात उतरले होते. या घरात नांदलेल्या बाईला असली शांतता सोसत नाही.

ही बाग माझ्या थोरल्या जाऊबाईंची. आम्ही सगळे त्यांना आक्का म्हणायचो. लग्न होऊन मी धाराशिवहून लोहाऱ्याकडच्या या गावात आले, तेव्हा भूकंपाला फार वर्षं झाली नव्हती. जुनं गाव दगडमातीचा ढीग होऊन पडलं होतं, आणि नव्या वसाहतीतली घरं इतकी उघडी-बोडकी, इतकी एकसारखी, की आपलं घर मला दाराच्या रंगावरून ओळखावं लागे. पुढं त्या खुणेचीही गरज उरली नाही, कारण आमच्याच घराभोवती रान माजत चाललं होतं. मला मेलीला शहरातल्या कुंड्या ठाऊक. मी आल्या आल्या खराटा उचलला. आक्कांनी तो हातातून काढून घेतला. पाचोळा झाडायचा नाही, त्यात किडे असतात, किड्यांवर पाखरं येतात. वाळलेलं खोड तोडायचं नाही, त्याच्या ढोलीत पिंगळा राहतो. कोपऱ्यातलं वारूळ मोडायचं नाही. भाजीवर कीड पडली तर निंबोळीचं पाणी मारायचं, नाहीतर राख. दुकानातलं औषध अंगणात आणायचं नाही. परातीत दगड ठेवायचा, म्हणजे मधमाश्या बुडत नाहीत. सुगीत ज्वारीची कणसं पाखरांसाठी वळचणीला टांगायची. धामण दिसली तर बाजूला व्हायचं, बोंब मारायची नाही. मनात म्हटलं, काय मायेची बाई आहे!

माया कसली! ज्वारी पाखडता पाखडता एकदा त्या आपणहून बोलल्या. भूकंप झाला त्या रात्री त्यांची लहानगी लेक कुशीत निजली होती. माळवदाचं घर, जाडजूड भिंती, दार लावलेलं. आक्का वाचल्या, लेक गेली. "भाईर कुत्री रडत हुती म्हणं. कावळे अंधारात उडाले म्हणं. लोकांनी मागनं सांगितलं. मला कायबी ऐकू आलं न्हाय गं. दाराशी एक झाड न्हवतं. एक पाखरू असतं, तर उठवलं असतं की मला." म्हणून हे सारं. दाणापाणी, सावली, बिळं देऊन त्यांनी मुक्या जिवांना घराभोवती पहाऱ्याला बसवलं होतं. स्वतः मात्र त्या पुन्हा कधी छपराखाली निजल्या नाहीत. बाराही महिने कडुनिंबाखाली बाज, पावसात वर ताडपत्री. "आत या ना, आक्का," मी किती विनवायची. "तू नीज निवांत. माझं ध्यान हाय," एवढंच म्हणायच्या.

माझा लेक तान्हा होता तेव्हाची एक दुपार. तो आत पाळण्यात झोपलेला, आणि बाग अशीच चिडीचूप झाली. आक्का बाजेवरून उठल्या, चेहरा पांढराफटक. "लेकराला घे आन् भाईर ये! आधी भाईर ये!" त्याला उचलून मी धावतच आले. आम्ही दोघी उन्हात उभ्या. त्यांनी माझं मनगट इतकं आवळलं होतं की बांगडी पिचली. माझं लक्ष परातीकडं गेलं. वारं नव्हतं, जवळ कुणी नव्हतं, तरी पाण्यावर बारीक वलयं उठत होती, दगडापासून काठाकडं. मग कुठंतरी होला घुमला आणि पाणी थांबलं. "गेलं," आक्का म्हणाल्या. काय गेलं ते त्यांनाच ठाऊक. मी लेकराला पाजायला तिथंच बसले.

शेजाऱ्यांनी हळूहळू अंगणात फरश्या बसवल्या. आमच्याकडं झाडं वाढत राहिली आणि आक्का वाकत गेल्या.

गेल्या उन्हाळ्यात त्या गेल्या, भर दुपारी, त्याच बाजेवर. त्या दिवशी बाग कधी नव्हे इतकी बोलत होती. साळुंक्या भांडत होत्या, खार बाजेच्या पायाशी शेंगदाणा कुरतडत होती. दोनदा मी खिडकीतून डोकावले आणि कामाला लागले. एवढा कलकलाट चाललाय, म्हणजे सगळं ठीक आहे. त्यांनीच तर शिकवलं होतं. चहा घेऊन गेले, तेव्हा त्यांचा हात गार पडला होता आणि पाखरं ओरडतच होती. आक्कांची फार आठवण येते, आणि तो कलकलाट आठवला की अंगावर शहारा येतो. बागेला काही कळलंच नव्हतं, की जे आलं ते तिच्या ओळखीचं होतं? इतकी वर्षं ती बाई ज्याच्या धास्तीनं कान लावून बसली, ते आलं तेव्हा तिला उठवावं असं एकाही पाखराला वाटलं नाही.