बॉनेटवरचे चार पोचे

शेजारच्या काकांनी मला ‘मॅडम’ म्हटलं की समजायचं, काहीतरी बिनसलंय. एरवी मी त्यांची ‘बाई’. बाई, नळाले पाणी आलं का; बाई, पेपर वाचून झाला असला तर द्या. त्या संध्याकाळी मात्र फाटकातून हाक आली ती ‘मॅडम, जरा बाहेर या’ अशी. कणकेचे हात तसेच घेऊन मी बाहेर गेले.

काकांनी गाडीवरचं कव्हर अर्ध्यापर्यंत गुंडाळलं होतं आणि ते बॉनेटकडे बोट दाखवून उभे होते. पांढरीशुभ्र छोटी गाडी, घेऊन वर्षही झालेलं नाही. बॉनेटवर चार पोचे. फार खोल नाहीत, पण उन्हं तिरपी झाली की स्पष्ट दिसणारे. काकांच्या मते हे माझ्या पोरीचं काम होतं.

माझी पोर बारा वर्षांची. डाव्या हातानं बॉल टाकते आणि बऱ्यापैकी वेगानं टाकते. बुलढाण्यात आमची कॉलनी गावाच्या टोकाला आहे, आणि आमची गल्ली काकांच्या घराशी येऊन संपते. पुढे रिकामे प्लॉट, बाभळी आणि वारा. गल्लीचा हा शेवटचा तुकडा सपाट आहे, तिथून कोणी येत-जात नाही, म्हणून सगळ्या कॉलनीतली पोरं तिथंच खेळतात. पूर्वी भांडणाचं काही कारणच नव्हतं. मग काकांनी गाडी घेतली आणि ती त्यांच्या फाटकाबाहेर, म्हणजे नेमकी पोरांच्या यष्टीमागे उभी राहिली.

काका तहसीलमधून निवृत्त झालेले. गाडी घेतली ती काकूंसाठी. काकूंचे गुडघे पार गेलेत, एसटीची पायरी त्यांना चढवत नाही, आणि माहेर मेहकरला. तिला तिच्या माहेरी आपल्या गाडीतून नेईन, असं काका अख्ख्या कॉलनीला सांगत होते. ड्रायव्हिंग क्लास लावला, लायसन्स काढलं, गाडीची पूजा केली, पेढे वाटले. पण चिखलीच्या रस्त्यावर पहिल्यांदा गेले तेव्हा मागून एका ट्रकनं असा काही हॉर्न वाजवला की काका गाडी बाजूला घेऊन बराच वेळ बसून राहिले, असं ऐकलं. तेव्हापासून गाडी कव्हरखाली. काका रोज सकाळी आपल्या जुन्या मोटरसायकलवर शेतात जातात, दुपार कलल्यावर येतात, आणि आल्या आल्या आधी कव्हर उचलून गाडी बघतात, मग पाणी पितात. मेहकर राहिलं ते राहिलंच.

मी मुळात शांत बाई नाही. शाळेत माझ्या वर्गातून आवाज आला तर तो बहुतेक माझाच असतो. पोरीचं नाव निघाल्यावर माझा पारा चढला. मी म्हटलं, टेनिसच्या बॉलनं लोखंडाला पोचा पडत असेल तर तुम्ही गाडी घेतलीय की पत्र्याचा डबा? झालं. मग काका बोलले, मी बोलले, पलीकडच्या गच्चीवर दोन डोकी दिसू लागली. पोर मागे उभी राहून आईशप्पथ, आईशप्पथ म्हणत होती आणि तिचं कोणी ऐकत नव्हतं, मीसुद्धा नाही, कारण मी बोलत होते.

काकांनी शेवटी निकालच लावला. रविवारी सिमेंटचे खांब आणून गाडीभोवती काटेरी तारेचं कुंपण घालायचं, थेट समोरच्या भिंतीपर्यंत. म्हणजे पोरांचा पिच संपला.

“रोही वावरात शिरले त मी काय करतो? तार लावतो,” काका म्हणाले. “जास्तच झालं त झटका मशीन आणीन.”

रोही म्हणजे नीलगाई. त्या पिकात घुसू नयेत म्हणून तारेत करंट सोडायचं ते यंत्र झटका मशीन. माझ्या पोरीला रोह्यांच्या पंगतीत बसवलं, याचा राग माझ्या मनातून रात्रभर गेला नाही. खरं दुःख निराळंच होतं. ही पोर शाळेच्या संघात पहिल्यांदाच घेतली गेली होती. सुट्टी संपली की सामने होते आणि सराव करायला तिच्याकडे एवढीच एक जागा होती. कॉलेजच्या मैदानावर मोठे पोरगे हिला उभी राहू देत नाहीत. त्या रात्री ती जेवली नाही. बॉल उशाशी घेऊन झोपली.

दुसऱ्या दिवशी दोन्ही घरांतली वाट्यांची देवाणघेवाण थांबली. इकडून भाजी नाही, तिकडून चटणी नाही. याचं मला जास्त वाईट वाटलं ते काकूंमुळे. पोर तान्ही असताना मी शाळेत जायचे आणि ती काकूंच्या मांडीवर वाढली. तिनं पहिलं पाऊल टाकलं ते काकूंच्या ओट्यावर, मला ते बघायलाही मिळालं नाही. त्या काकू आता फाटकाआडून माझ्याकडे बघायच्या आणि मान खाली घालून आत जायच्या.

शनिवारी दुपारी मी गच्चीवर माझे मुगाचे पापड उलटायला गेले. काका शेतात गेलेले. सहज खाली नजर गेली.

काकूंनी गाडीचं कव्हर पुढून मागे सारलं होतं. बॉनेटवर आधी प्लास्टिक, त्यावर जुनं सुती लुगडं घडी करून अंथरलेलं. काकू उभ्याउभ्या सोऱ्या फिरवून त्यावर कुरडया घालत होत्या, एकीला एक लागून, अगदी मन लावून. आमच्याकडे वारा एवढा की दोरीवरचा कपडा चिमट्यांना जुमानत नाही. म्हणून लुगडं उडू नये यासाठी त्यांनी चारही टोकांवर वजनं ठेवली होती. साधे दगड नव्हेत, तर लोखंडाची, सहा कोनांची, जड वजनं. त्यांच्या वडिलांचं मेहकरला किराण्याचं दुकान होतं. भावानं तिथं काट्याच्या जागी इलेक्ट्रॉनिक मशीन आणलं तेव्हा ही वजनं काकूंनी हट्टानं मागून आणली होती. मला ती चांगली ठाऊक होती, कारण लोणच्याच्या बरणीवरही तीच असायची.

मी गच्चीवर मटकन बसले आणि तोंडावर पदर धरून हसले. चार टोकं, चार वजनं, चार पोचे. बॉल काय असा नेमून चार कोपऱ्यांत पडतो? आम्ही दोघं शहाणे त्या बॉनेटसमोर उभं राहून घसा फोडत होतो आणि दोघांपैकी एकालाही हे सुचलं नाही. वर काका रोज रात्री ओट्यावर बसून तळलेल्या कुरडया कुरुमकुरुम खात पोरांना शिव्या घालत होते. कुरडया कुठं वाळल्या, हे त्यांनी विचारलं नव्हतं. घरातल्या पुरुषांना वाळवण आपोआप डब्यात येऊन पडतं असंच वाटत असतं.

हसू ओसरलं तसं माझ्या लक्षात आलं की मी जिंकले होते. दुसऱ्या दिवशी खांब येतील, लोक जमतील, तेव्हा एवढंच सांगायचं. पण ते सांगितलं की सगळ्या कॉलनीसमोर मान खाली जाणार होती ती काकूंची. इतका राग असूनही मला ते नको होतं. पोरीचा पिचही हवा होता.

मी खाली गेले. एक वजन उचललं आणि काकूंचं बोट धरून त्याखालच्या खड्ड्यावर ठेवलं. त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरलाय, बोटालाच जास्त दिसतं. बोट खड्ड्याभोवती फिरलं. मग त्यांनी आपणहून दुसरं वजन उचललं, तिसरं उचललं. चौथं उचललं नाही.

“माय वं,” त्या हळूच म्हणाल्या. “पोरीले उगंच बोलले हे.”

मी म्हटलं, काकू, मी काकांशी बोलते, कुंपण तेवढं थांबवते, तुमचं नाव येऊ देत नाही. कसं करणार होते ते मलाही माहीत नव्हतं. काकूंनी मान हलवली.

“तू मंधात पडू नको, बाई. मीच सांगीन.”

तो दिवस मला फार जड गेला. रात्री त्यांच्या घरातून काही आवाज येतो का, म्हणून मी कान लावून होते. काही आलं नाही. सकाळी काका नेहमीसारखे दात घासत फाटकात उभे. माझ्याकडे बघून त्यांनी तोंड फिरवलं, तेव्हा मला कळून चुकलं की काकूंनी सांगितलेलं नाही. मला त्यांची दयाही आली आणि चीडही.

दहाच्या सुमाराला मालवाहू रिक्षातून खांब आले. चार-पाच घरांतली माणसं गोळा झाली, कारण फुकटचा तमाशा कोणाला नको असतो? पोरं एका बाजूला ओळीनं उभी, हातात बॅट, माझी पोर सगळ्यांत पुढे. काकांनी कव्हर ओढून काढलं आणि बॉनेट सगळ्यांना दाखवलं. पोरांवर आईबापांचा धाक राहिला नाही, हे सांगताना त्यांची नजर माझ्याकडे होती. मी ओठ घट्ट मिटून उभी होते. माझ्या नवऱ्यानं माझा दंड धरून ठेवला होता, एवढ्यावरून काय ते समजा.

तेवढ्यात काकू पायऱ्या उतरल्या. एकेका पायरीवर दोन्ही पाय टेकवत, कठड्याला धरून, पदराखाली काहीतरी सांभाळत. गाडीपाशी आल्या आणि पदराखालचं वजन काढून त्यांनी पहिल्या खड्ड्यात ठेवलं. ते बसलं. कोनाशी कोन जुळला.

“हे पोराइचं काम नाही,” त्या म्हणाल्या. “माह्यं हाय. मी कुरडया वाळू घालतो इथं.”

कोणी हसलं नाही. काका त्या वजनाकडे बघत राहिले. मला वाटलं, आता स्फोट होणार. पण त्यांनी आवाज चढवला नाही, उलट अगदी घरातल्या घरात विचारावं तसं विचारलं.

“गाडीवर काऊन? गच्ची हाय, बाज हाय.”

“गच्चीवर चढवत नाही, बाजेपाशी वाकवत नाही,” काकू म्हणाल्या. “हे बराबर माह्या उंचीचं हाय. उभ्यानं होते.”

काकांनी बॉनेटवर तळहात ठेवला. उन्हानं ते चांगलं तापलं असणार, पण त्यांनी हात काढला नाही. ज्या गुडघ्यांसाठी गाडी घेतली, त्या गुडघ्यांच्या कामाला ती रोज येत होती, फक्त त्यांना पत्ता नव्हता. हे त्यांनी बोलून दाखवलं नाही. त्यांच्या चेहऱ्यावर ते मला दिसलं, आणि माझा सगळा राग तिथल्या तिथं उतरला. मला रडूच आलं, ते मी नवऱ्याच्या खांद्याआड उरकलं.

काकांनी रिक्षावाल्याला खांब शेतात टाकून यायला सांगितलं. मग पोरांच्या ओळीकडे गेले. माझ्या पोरीसमोर उभे राहिले, घसा खाकरला, आणि माफी मागणं जमेना तेव्हा तिच्या हातातली बॅट मागून घेतली.

“टाक बरं एक बॉल. पाहू दे मले, कसा पोचा पाडतं तू.”

पोरीनं पळत येऊन टाकला. काकांची बॅट हवेत आणि बॉल मागच्या चाकावर. सगळ्यांत मोठ्यानं काकूच हसल्या.

दुपारी वाटी आली, कुरडयांची, वर पालथी ताटली. मी ती रिकामी परत केली नाही.

आता गल्लीत नवी रीत आहे. वाळवण घातलेलं असेल तर पोरं आधी वजनं उचलतात, चौघं चार टोकं धरून लुगडं अलगद ओट्यावर नेतात आणि मग स्टंप लावतात. कुरडई मोडली तर तो एक ओव्हर बाहेर. हा नियम काकांनीच केला, आणि पंच म्हणून खुर्ची टाकून तेच बसतात. निर्णय वाईट देतात, पण त्यांच्याशी वाद घालायचा नाही, असं मी पोरीला बजावलंय. वाद घालायचा झाला तर मी आहे.

सुट्टी संपायच्या आत काका एका सकाळी फाटकात आले. ‘बाई’ अशी हाक आली, तेव्हाच मी निर्धास्त झाले. मेहकरला जायचं म्हणत होते, आज, गाडीनं. मी आणि पोरीनं मागे बसावं, अशी त्यांची इच्छा होती. मागून ट्रक आला तर ओरडायला कोणीतरी पाहिजे, आणि कॉलनीत माझ्याएवढा आवाज दुसऱ्या कोणाचा नाही, असं त्यांचं मत. मी हे कौतुक म्हणून घेतलं. काकू नवी साडी नेसून पुढे बसल्या. काका इतकी हळू गाडी चालवत होते की चिखलीपर्यंत आम्हाला सायकलवाल्यांनीही मागे टाकलं. ट्रक आले, त्यांनी हॉर्न वाजवले, मी त्यांच्यावर ओरडले. काचा बंद होत्या, पण काकांना धीर आला.

मेहकरला काकूंच्या भावानं दारात स्वागत केलं, गाडीभोवती एक चक्कर मारली आणि ते बॉनेटपाशी थबकले. ओळखीचा डेंटर आहे, जेवण होईपर्यंत चारही पोचे काढून देतो, म्हणाले.

काका तेव्हा काकूंना हात देऊन गाडीतून उतरवत होते. वळूनही न बघता म्हणाले, “राहू द्या तसेच. मंग वजनं कुठं ठेवीन तुमची बहीण?”