खांबवाल्यांची हरकत

रामटेके साहेब हात वर करायचे तेव्हा एकच बोट वर असायचं, वर्गात पाणी प्यायला जाऊ का म्हणून विचारणाऱ्या मुलासारखं. फरक इतकाच, की साहेब काही विचारत नसत. "माझी हरकत आहे," असं सांगत. विषय कोणताही असो. एकदा आमचे अध्यक्ष देशमुख बैठकीच्या सुरुवातीला सगळ्यांना नमस्कार म्हणाले, तर साहेबांचं बोट वर. पुरेशी माणसं जमलेली नसताना बैठक सुरू होत नाही, आणि बैठक सुरू झालेली नसताना अध्यक्षांनी नमस्कार करायचा नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. देशमुखांनी नमस्कार मागे घेतला आणि माणसं जमल्यावर पुन्हा केला. मी क्लबचा सेक्रेटरी होतो, त्यामुळे हे सगळं पहिल्या रांगेतून बघायचं माझ्या नशिबात होतं.

आमचा क्लब म्हणजे बिबवेवाडीचं मैत्री क्रीडा मंडळ. फुटबॉल खेळणारं. पुण्यात फुटबॉल म्हटलं की लोक कॅम्पाकडे आणि खडकीकडे बघतात, आणि त्यात त्यांचं काही चुकत नाही. आमच्या बाजूची मैदानं क्रिकेटवाल्यांनी वाटून घेतलेली. मी कर्वेनगरहून लूनावरून खेळायला यायचो तेव्हा कॉलेजात होतो, आणि साहेब क्लबचे गोलकीपर होते. भंडाऱ्याकडून नोकरीसाठी पुण्यात आलेले. टेलिफोन खात्यात कारकून. त्या काळी फोनसाठी वर्षानुवर्षं वाट बघावी लागे, त्यामुळे आख्खी बिबवेवाडी त्यांना नमस्कार करायची. साहेब प्रत्येकाला तेच उत्तर द्यायचे, "आपला नंबर आला की फोन येईल. फोनला घाई नाही, आपल्याला आहे."

हे असलं मराठी ते भंडाऱ्याहून घेऊन आले नव्हते. पुण्यात येऊन त्यांनी ते इतकं मन लावून शिकून घेतलं होतं, की सदाशिव पेठेतल्या माणसालाही त्यांच्याशी बोलताना जरा जपून बोलावं लागे. सगळ्यांना अहो-जाहो. मला कायम "अहो सेक्रेटरी". फक्त फार चिडले, किंवा फार हेलावलेले असले, की त्यांचं पुणं गळून पडायचं आणि आतून भंडाऱ्याचं खणखणीत "काऊन बे?" बाहेर यायचं, म्हणजे पुण्याचं "का रे?". मग समजायचं, आता गप्प बसलेलं बरं.

आम्हाला मैदान नव्हतं तसे गोलपोस्टही नव्हते. दोन बाजूंना विटा ठेवायच्या आणि चेंडू विटेच्या आतून गेला की बाहेरून, यावर भांडायचं. साहेबांना ते सहन होईना. गोलकीपरला वरच्या आडव्या दांडीशिवाय खेळता येत नाही, अशी त्यांची हरकत होती, आणि ती खरी होती. आमच्यातल्या एकाच्या वर्कशॉपमधून त्यांनी लोखंडी पाइपांचे गोलपोस्ट करून घेतले. सुटे होणारे, बोल्टनं जोडायचे, पिवळ्या रंगाचे. दर रविवारी सकाळी ते खांब खांद्यावर घेऊन आम्ही ज्या मैदानावर जागा मिळेल तिथं जायचो, पहारीनं खड्डे खणायचो, खेळायचो, खांब उपटायचो, खड्डे बुजवायचो आणि परत यायचो. पुढे टेम्पो आला, पण टेम्पोपर्यंतही ते उचलावे लागतच. कॅम्पातल्या एका क्लबच्या पोरांनी आम्हाला असं येताना पाहिलं आणि ओरडली, "आले आले, खांबवाले!" तेव्हापासून आम्ही खांबवाले.

आम्हाला त्या नावाची लाज वाटायची, मग मजा वाटायला लागली, मग आम्हीही तेच ओरडायला लागलो. साहेबांची मात्र यावरही हरकत होती. खांबवाले हे नाव आम्हीच वापरायचं, दुसऱ्यांनी नाही. प्रतिस्पर्धी संघाचा कोणी ओरडला, की सामना थांबवून साहेब गोल सोडून त्याच्याकडे जायचे. "आमचं नाव मैत्री क्रीडा मंडळ. आपण आम्हाला त्या नावानं हाक मारायची." "पण तुमचीच माणसं ओरडतायत." "ती आमची आहेत. आपण आहात का?" अशा एका भाषणात ते गुंतलेले असताना आमच्यावर गोल झालेला मी स्वतः पाहिला आहे. रेफ्रीनं तो गोल धरला. साहेबांनी अर्थातच हरकत घेतली.

खांब राहायचे साहेबांच्या सोसायटीत, पार्किंगच्या भिंतीला टेकवून. सोसायटीची तक्रारीची पत्रं येत. वहिनी, म्हणजे साहेबांच्या पत्नी, वैतागून म्हणायच्या, "लग्नात माझ्या माहेरचं कपाट नको म्हणाले, जागा नाही म्हणून. आणि हे लोखंड चालतं." शेजारपाजारचे आडव्या खांबावर कपडे वाळत घालू लागले तेव्हा साहेबांनी वर पाटी लावली : "हे गोलपोस्ट आहेत. यात फक्त चेंडू घालावा."

बघता बघता शहर बदललं. फोनची रांग संपली, मग फोनच खिशात आले. साहेबांना नमस्कार करणारं कोणी उरलं नाही, पण त्यांना त्याचं काही वाटलेलं दिसलं नाही. मी खराडीच्या एका कंपनीत लागलो. क्लबात नवी पोरं आली, तीही बहुतेक आयटीतली. त्यांचा कॅप्टन अनिकेत. चांगला मुलगा, पायात जोर, डोक्यात कायम प्रेझेंटेशन. त्याच्या खटपटीनं आम्ही वरच्या गटात गेलो, एक रीतसर मैदान मिळालं, आणि त्याच्या ऑफिसनं जर्सी द्यायचं कबूल केलं. फक्त नाव बदला, म्हणाले. मैत्री क्रीडा मंडळ हे भजनी मंडळासारखं वाटतं, आणि खांबवाले म्हणजे तर डेकोरेशनवाले.

मग जे सुरू झालं त्याला चर्चा म्हणणं म्हणजे चर्चेचा अपमान आहे. ग्रुपवर दिवसरात्र मेसेज. टायगर्स, फाल्कन्स, थंडर. जुने सभासद खांबवाल्यांच्या बाजूनं, नवे विरुद्ध, आणि मधे मी. ऑफिसात मीटिंग चालू असताना माझा फोन टेबलावर थरथरत राहायचा. शेवटी अनिकेतनं बैठकीत लोगोसकट नाव आणलं : बिबवेवाडी स्टॅलियन्स.

बोट वर.

"स्टॅलियन म्हणजे काय?"

"घोडा, सर. पॉवरफुल घोडा. इट्स अबाउट आयडेंटिटी."

"बिबवेवाडीत घोडा फक्त वरातीत दिसतो. तोही भाड्याचा."

"सर, ते सिम्बॉलिक असतं. आणि आता मैदानावर परमनंट पोस्ट आहेत. खांब आपण उचलतच नाही, तर खांबवाले कसे?"

"आपले आजोबा आता नाहीत. म्हणून आपण त्यांचे नातू नाही का?"

अनिकेत लाल झाला. मीही वैतागलो होतो. बैठक संपल्यावर साहेबांना कोपऱ्यावरच्या अमृततुल्यमध्ये चहाला नेलं आणि जे आजवर बोललो नव्हतो ते बोललो. म्हटलं, साहेब, पोरं कंटाळून सोडून जातील. क्लब हवाय की नाव? एका टोपणनावासाठी एवढा हट्ट कशाला?

साहेबांनी कप खाली ठेवला. मग बोलले ते पुण्याचं नव्हतं.

"मी इथं आलो नं, तवा खोली पाहाले जाऊ. माणूस गोड बोले. मंग आडनाव विचारे. मंग गप. खोली तर कालच गेली म्हणे. ऑफिसात तसंच. बोलून राहिले, बोलून राहिले, आडनाव ऐकलं की गप. तुले नाही समजणार ते." चहावाला आमच्याकडे बघत होता. "मंग तो खांब आला. लंबा खांब एकट्याले उचलत नाही. एक टोक माह्या खांद्यावर, दुसरं कोणाच्या, ते मागं वळून पाहाताच येत नाही. जोशी असन, शेख असन, कोणीबी. रस्त्यानं लोकं ओरडे, आले खांबवाले. आडनाव नाही विचारलं बे कोणी. या गावानं मले दिलेलं ते पहिलं नाव हाय. अन् तू म्हणतो टोपणनाव."

माझं आडनाव ऐकून कधी कोणी गप्प बसलेलं नाही. तेवढ्यात साहेब सावरले, उपरणं झटकावं तसा रुमाल झटकून म्हणाले, "अहो सेक्रेटरी, चहात साखर जास्त आहे. सांगा त्याला." आणि उठले.

हे बैठकीत सांगा, असं मी त्यांना परोपरीनं विनवलं. ऐकतील तर ते साहेब कसले? "सहानुभूतीवर नाव ठेवायचं नाही," म्हणाले. "त्यालाही माझी हरकत आहे." मतदान झालं. साहेब हरले. आम्ही स्टॅलियन्स झालो.

नव्या नावाचा पहिला सामना आमच्याच मैदानावर होता. सकाळी पोचलो तर एका बाजूचा गोलपोस्ट गायब. आदल्या दिवशी तिथं कसलासा समारंभ झाला होता, त्यासाठी तो उपटून बाजूला ठेवलेला, आणि मांडववाल्यांनी आवराआवर करताना तोही आपलाच समजून नेला होता. रेफ्री म्हणाला, वेळेत पोस्ट उभा केला नाहीत तर सामना गेला, मैदान तुमचं, जबाबदारी तुमची. छातीवर घोडा घेतलेली पोरं माझ्याकडे बघायला लागली. मी साहेबांना फोन लावला.

"कोण बोलतंय?"

"मी, साहेब. सेक्रेटरी."

"कोणत्या क्लबचे?"

"साहेब, आत्ता नको. इथं गोलपोस्ट नाहीये."

"क्लबचं नाव विचारतोय मी."

मी दातओठ खाल्ले. "बिबवेवाडी स्टॅलियन्स."

"राँग नंबर," म्हणाले आणि फोन ठेवला.

मी पुन्हा लावला. पुन्हा तेच. मला इतका संताप आला, की फोन मैदानाबाहेर भिरकावून द्यावासा वाटला. अनिकेतनं तो माझ्या हातातून काढून घेतला, मला पोरांपासून जरा लांब नेलं, स्पीकर लावला आणि खालच्या आवाजात म्हणाला, "साहेब, अनिकेत बोलतोय. खांबवाले."

"मग असं सांगा ना. टेम्पो गेटवर आहे. उचलायला माणसं पाठवा."

टेम्पो खरंच गेटवर उभा होता, पिवळे खांब भरून. शेजारी साहेब. आदल्या संध्याकाळी फिरायला आले तेव्हाच त्यांनी गोलपोस्ट जाताना पाहिला होता. मी अक्षरशः किंचाळलो, "मग कालच का नाही सांगितलंत?"

"विचारलं नाही कोणी."

पोरांना खांब उचलायची सवय नव्हती. अनिकेतनं आडव्या खांबाचं पुढचं टोक घेतलं. मागचं कोणी घेईना, तेव्हा साहेबांनी घेतलं, त्या वयात, आम्ही नको नको म्हणत असताना. दोघे मैदानात शिरले आणि पलीकडच्या संघाच्या कंपूतून आवाज आला, "आले आले, खांबवाले!" साहेबांचा चेहरा उजळलेला मी पाहिला. क्षणभरच. खांब उभा राहिल्याबरोबर ते तरातरा त्या कंपूकडे गेले आणि आमच्या नावानं हाक मारायचा अधिकार कोणाला आहे, यावर त्यांचं भाषण सुरू झालं. सामना आम्ही हरलो. साहेबांनी त्यातला निम्मा पाहिलाच नाही.

त्याच हिवाळ्यात साहेब गेले. झोपेत, कोणालाही त्रास न देता. आयुष्यात असं त्यांनी एवढं एकच काम केलं असेल. घरी बुद्धवंदना, त्रिशरण झालं, आम्ही सगळे मागे उभे होतो, आणि अनिकेत लहान पोरासारखा रडत होता. निघताना मी वहिनींना म्हटलं, खांब हलवतो आता. त्या नको म्हणाल्या. आता त्या स्वतःच त्यावर कपडे वाळत घालतात. पाटी मात्र काढलेली नाही.

त्यानंतरच्या बैठकीत नाव पुन्हा खांबवाले करावं, असा ठराव अनिकेतनंच मांडला. जर्सीसुद्धा पिवळी करू म्हणाला. जुने खूश, नवे खूश. देशमुखांनी ठराव वाचला, म्हणाले, "कोणाची हरकत नसेल तर..." आणि सवयीनं थांबले. आम्ही सगळ्यांनी दाराजवळच्या साहेबांच्या खुर्चीकडे पाहिलं. पंखा फिरत होता. इतकी वर्षं ज्या एका वाक्यानं माझं डोकं उठवलं, ते आता येणार नाही, हे मला त्या क्षणी खरं समजलं.

मी एक बोट वर केलं. "माझी हरकत आहे."

देशमुखांनी चष्मा काढला. "तुमची? कशाला हरकत?"

"ती अजून सुचलेली नाही. पण हे इतक्या लवकर मंजूर होणं बरोबर नाही."

कोणी हसलं नाही. मग अनिकेत, कोथरूडात जन्मलेला अनिकेत, माझ्यावर डोळे वटारून म्हणाला, "काऊन बे?"

दुसरा चहा आला तरी आम्ही भांडतच होतो.