खटका पडल्यानंतर

इथे परदेशात, तुआसच्या आमच्या प्रयोगशाळेत मी गाड्यांमधल्या कोळशाच्या डब्यांचं वजन करते. टाकीत पेट्रोल पडू लागलं की आतली वाफ बाहेर रेटली जाते. डब्यातला कोळसा ती धरून ठेवतो आणि गाडी चालू झाली की इंजिन ती ओढून जाळतं. वाफ शोषलेला डबा थोडा जड भरतो, तेवढं टिपून ठेवायचं. या कामात कुणाशी बोलावं लागत नाही. मला तेच बरं वाटायचं.

संध्याकाळी ऑफिसातले एक काका मला गाडीतून घराजवळ, हौगांगपर्यंत सोडायचे. पुण्याचे. मी इंग्लिश मीडियमची, माझं मराठी अडखळतं, म्हणून मी नुसती ऐकायचे.

"घरी लेकीला काही विचारलं की 'हो, चालेल' न म्हणता इथल्या इंग्लिशमध्ये 'कॅन लाह' म्हणते," ते सांगायचे. "तू निदान ऐकतेस तरी."

दिवसभरात माझ्या कानावर पडणारं मराठी तेवढंच.

वाटेत ते स्वतःच पेट्रोल भरायचे. टाकी भरून नळीचा खटका पडला तरी आणखी दोनदा दाबायचे. "काठोकाठ हवी!" जास्तीचं पेट्रोल डब्यात शिरतं, कोळसा भिजून निकामी होतो, हे मला माहीत होतं. पण सांगितलं आणि त्यांना लागलं तर? तो रोजचा पाऊण तास मला गमवायचा नव्हता.

मग गाडीत पेट्रोलचा वास येऊ लागला. एक दिवस समोर इंजिनाचा पिवळा दिवाही लागला. त्या संध्याकाळी खटका पडताच मी काच खाली केली. "काका, आता नको." वाक्यं तुटत होती, तरी सगळं सांगितलं.

ते हसले. "अगं, मग टोकायचं नाही का! कधी कळलं तुला हे?"

"पहिल्यापासून माहीत होतं."

"म्हणजे पाच महिने नुसती बघत बसलीस?"

मी काच वर केली. त्यांनी नळी जागेवर अडकवली आणि गाडीत येऊन बसले.

डबा बदलला. दिवा विझला, वासही गेला. काका मला अजून सोडतात, फक्त आता रेडिओ लावतात. काल उतरताना मी, मनात दोनदा घोकून, म्हणाले, "येते, काका."

पूर्वी ते म्हणायचे, "सावकाश जा गं."

काल म्हणाले, "ओके, सी यू."