आईशेजारची जागा

आमच्या चर्चच्या मंडळीत रविवारी उपासना झाल्यावर लोक साक्ष द्यायला, म्हणजे देवानं आपल्यासाठी काय केलं ते सांगायला, उठतात. मी कधी उठले नाही. उठायचं म्हटलं की मी गीतपुस्तकात डोकं घालून बसते. "ही माझी लेक. हिला देवानं सगळं दिलं, फक्त धीर द्यायचा राहिला," अशी पप्पा माझी ओळख करून द्यायचे आणि स्वतःच हसायचे. त्यात खोटं काही नव्हतं. पाल, कुत्री, कडाडणारी वीज, शाळेला भेट द्यायला येणारे साहेब, अनोळखी नंबरवरून आलेला फोन, मला कशाचीही भीती वाटते. म्हणून ही साक्ष उभं राहून देण्याऐवजी बसून लिहिते आहे. लिहिताना निदान कुणी तोंडाकडे बघत नाही.

मी चाकूर तालुक्यातल्या एका लहान गावात जिल्हा परिषदेच्या शाळेवर शिक्षिका आहे. लग्न केलं नाही. आई लातूरला वारली आणि तिथल्याच ख्रिस्ती कबरस्तानात तिला ठेवलं. तिच्या शेजारची जागा पप्पांनी मंडळीला सांगून स्वतःसाठी राखून ठेवली होती. त्यानंतर ते माझ्याकडे राहायला आले. गावात ख्रिस्ती घर आमचं एकच, तेही भाड्याचं. ना शेत, ना भावकी. पप्पाही निवृत्त शिक्षक, त्यामुळे गाव त्यांना गुरुजी म्हणायचं आणि मला बाई. सगळे चांगलं वागायचे, तरी आपण इथले नाही ही जाणीव माझ्या मनातून कधी गेली नाही. पप्पांनी माझ्याकडून एकच शब्द घेतला होता. "मला तुझ्या आईशेजारी ठेव. बाकी काही नाही केलंस तरी चालेल." मी हो म्हणायचे आणि दर वेळी विषय बदलायचे.

त्या वर्षी पावसानं ताळतंत्रच सोडलं होतं. सोयाबीन उभ्या जागी सडत होतं, शाळेला सुट्टी दिली होती, आदल्या दिवसापासून लाइट नव्हती. सकाळी मी पप्पांना चहा दिला. एक घोट घेऊन ते म्हणाले, "साखर विसरलीस का गं?" मी आत जाऊन साखरेचा डबा घेऊन आले, तोवर त्यांची मान छातीवर आली होती. कप मात्र हातात तसाच होता, सांडलाही नव्हता. मी दोनदा हाक मारली. तिसऱ्यांदा मारायचं धाडस झालं नाही.

शेजारच्या बाया धावत आल्या. त्यांनीच पप्पांना बाजेवर निजवलं, डोळे मिटले, हनुवटीला फडकं बांधलं. माझा धाकटा भाऊ सुनील नांदेडला असतो. फोन कसाबसा लागला. "ताई, मी आल्याशिवाय काही करायचं नाही. आपण त्यांना लातूरला नेऊ," एवढं बोलला आणि रेंज गेली. पण येणार कसा आणि नेणार कसं? चाकूरकडच्या ओढ्याचं पाणी पुलावरून वाहत होतं, दुसऱ्या बाजूचा नळकांडी पूल तर दिसतच नव्हता. मंडळीचे धर्मगुरू, आमचे पाळकसाहेब, यांना फोन लावला तर नुसती खरखर. गावाची स्मशानभूमी ओढ्याच्या काठाला आहे, तीही पाण्याखाली गेली होती. लाइट नाही म्हणजे बर्फ नाही. दुपार व्हायला आली तशी एक म्हातारी माझ्या कानाशी येऊन हळूच म्हणाली, "बाई, लई येळ ठिवता येत न्हाई." ते मलाही कळत होतं.

त्या दिवशी मला कशाकशाची भीती वाटली ते सांगते. गाव काय म्हणेल याची वाटली. कुणाच्या जमिनीवर, कुणाच्या परवानगीनं पुरायचं, आणि आमच्यासारख्या उपऱ्यांना कोण कशाला जागा देईल, याची वाटली. दिलेला शब्द मोडेल याची वाटली. पण सगळ्यांत जास्त भीती मला पप्पांजवळ बसायची वाटत होती. ज्या माणसाचा हात धरून मी जन्मभर रस्ते ओलांडले, त्याच्या हाताला हात लावायला मी धजत नव्हते. दाराशी बसले होते, एक पाय घरात आणि एक बाहेर.

मग मी स्वयंपाकघरात गेले आणि भिंतीला टेकून प्रार्थना केली. तिला प्रार्थना म्हणावं की नाही कोण जाणे. घरात प्रार्थना करायचे ते पप्पा. माझं काम शेवटी आमेन म्हणायचं. मी म्हटलं, "प्रभू, तू वादळाला गप्प केलंस असं मी संडे स्कूलच्या पोरांना सांगत आले. तुला हा एवढासा ओढा आवरत नाही का? माझ्यानं काही होत नाही. मला फार भीती वाटते." पुढं शब्द सुचेना. आमेनसुद्धा म्हटलं नाही, कारण तेवढ्यात दारातून माझ्या नावानं खणखणीत हाक आली.

दारात अप्पा उभे होते. अप्पा म्हणजे समोरच्या गल्लीतले सरकी-पेंडीचे दुकानदार. लिंगायत घर. कपाळावर भस्माचे तीन पट्टे, आवाज असा की दुकानात बोलले तर एसटीच्या थांब्यावर ऐकू यावं. शाळेचा चेंडू त्यांच्या दुकानात गेला तर तो मागायला मी कधी गेले नाही, पोरांनाच पाठवलं. आता ते डोक्यावर गोणपाटाची खोळ घेऊन माझ्या उंबऱ्याशी आले होते.

"बाई, माती कवा करायची?" त्यांनी विचारलं.

मला वाटलं, ते तक्रार घेऊन आले. गल्लीत इतका वेळ प्रेत ठेवलंय म्हणून. मी हात जोडले आणि घाईघाईनं म्हणाले, "अप्पा, थोडं सांभाळून घ्या. पाणी उतरलं की लगेच लातूरला नेते."

"पानी काय आज उतरत न्हाई," ते म्हणाले. "म्हाताऱ्या मानसाला किती ताटकळत ठिवायचं? माळावर आमची जमीन हाय. मुरमाड हाय, पानी धरत न्हाई. आमच्या अव्वाला तितंच ठिवलंय. गुरुजीला बी ठिवू."

लिंगायत लोक जाळत नाहीत, माती देतात, हे मला माहीत होतं. इतकी वर्षं त्या भागात राहिले, त्यांच्या घरच्या मातीला जाऊन आलेल्या बायकांकडून ऐकलंही होतं. पण त्या दिवशी सकाळपासून ते माझ्या डोक्यात एकदासुद्धा आलं नाही. भीती माणसाला इतकं आंधळं करते. सुटका समोर उभी होती, पण मला हो म्हणवेना. हो म्हणायचं म्हणजे आईशेजारची ती जागा रिकामी ठेवायची. मी रडत तेच सांगितलं, पप्पांना दिलेला शब्द सांगितला.

अप्पांनी ऐकून घेतलं. "आसं करा," ते म्हणाले, "तुमच्या देवाला इचारा. मी भाईर थांबतो."

मी आत आले. या वेळी पप्पांच्या बाजेजवळ जमिनीवर बसले. विचारलं. काही उत्तर आलं नाही. कुठला आवाज नाही, एखादं वचन आठवणं नाही, मनात उजेड पडणं नाही. मंडळीतल्या बहिणी सांगतात तसं माझ्या बाबतीत काहीच झालं नाही. पावसाचा पत्र्यावरचा आवाज तेवढा येत होता, आणि मधूनच अप्पांचा खोकला. ओसरीवर बायांची दाटी म्हणून तो माणूस अंगणात पावसात उभा होता. किती वेळ गेला कुणास ठाऊक. मी पप्पांच्या हातावर हात ठेवला. हात गार होता, पण हात त्यांचाच होता. मग उठले आणि बाहेर येऊन म्हणाले, "चला, अप्पा."

शवपेटी कुठून आणणार? धुतलेल्या पांढऱ्या चादरीत गुंडाळलं, वर प्लास्टिकचा कागद घातला आणि बाजेसकट उचललं. काळ्या रानात ट्रॅक्टर रुतला असता, म्हणून माणसांनीच खांदा दिला. अप्पांचे दोघं मुलगे, शाळेचे शिपाई मामा आणि पेंडीच्या दुकानातला हमाल. मी मागून निघाले तेव्हा बायांनी मला धरलं. गावात बायका मातीला जात नाहीत.

"बाई, तुमीबी येनार?" अप्पांनी विचारलं.

"आमच्यात येतात," मी म्हटलं.

"मंग चला. पाय संभाळून टाका."

वाटभर मला वाटत होतं की कुणीतरी आडवं येईल. इथं कुणाला विचारून पुरता, असं म्हणेल. चिखलात चप्पल रुतून बसली, ती तिथंच सोडली. प्रत्येक बांधावर, प्रत्येक बाभळीआड मला माणूस दिसायचा. जवळ गेलं की कुणी नसायचं. पण भिऊन मागंही फिरता येत नव्हतं, कारण पुढं पप्पा चालले होते.

माळावर अप्पांच्या अव्वाचा, म्हणजे आईचा, सिमेंटचा लहानसा चौथरा आहे. त्याच्या बाजूला अप्पांनी पुढं पाठवलेल्या गड्यांनी खोदायला घेतलं होतं. जवळ जाऊन बघितलं आणि मी तिथंच थबकले. खड्डा चौकोनी होता, खोल आणि आखूड, विहिरीच्या तोंडासारखा. लिंगायतांत मेलेल्या माणसाला बसवून माती देतात. हाताला सवय तीच, त्यामुळे त्यांनी तसाच खोदला होता. माझे पप्पा सहा फुटांचे. आता यांना गुडघे मोडून, वाकवून आत बसवतील हे मला डोळ्यांपुढं दिसायला लागलं.

सांगायचं कसं? पावसात परक्या माणसासाठी ते गडी कमरेइतके खाली उतरून मुरूम उपसत होते. त्यांनी जागा दिली, खांदा दिला, आणि आता मी चूक काढू? रागावून टाकून गेले तर मी या माळावर पप्पांना घेऊन एकटी काय करणार होते? तोवर खांदेकऱ्यांनी बाज खाली टेकवली. अप्पांचा थोरला पुढं होऊन चादरीला हात घालायला लागला. तेव्हा माझ्या तोंडून, माझ्याच ओळखीच्या नसलेल्या आवाजात निघालं, "थांबा! आमच्यात निजवून ठेवतात."

सगळे थांबले. फावडं थांबलं. मला वाटलं, संपलं आता.

अप्पांनी खड्ड्याकडे पाहिलं, बाजेकडे पाहिलं आणि कपाळावर हात मारला. "आरं तिच्या मायला! आपल्याच मापाचा खनला की रं! आधीच सांगायचं की, बाई. भिऊन काय राहिलात?" त्यांनी धोतर खोचलं आणि त्या वयात स्वतः कुदळ हातात घेतली. "लांबवा रं हिकडून. गुरुजी लई उंच मानूस." एक गडी हसला. आणि खरं सांगते, त्या माळावर, त्या पावसात, बापाच्या प्रेताशेजारी उभी असताना मलाही हसू आलं. मग रडू आलं, आणि ते थांबेना.

पप्पांना आत निजवलं. अप्पा माझ्याकडे वळून म्हणाले, "तुमचं स्वामी तर येऊ शकत न्हाईत. मंग म्हनायचं त्ये कोन म्हननार?"

इकडंतिकडं बघितलं. दुसरं कोण होतं? "मीच," मी म्हटलं.

प्रभूची प्रार्थना म्हणताना दोनदा अडखळले. मंडळीतल्या लहान पोरांनाही येते ती प्रार्थना. त्यानंतर पाळकसाहेब म्हणतात ते काही आठवेना, म्हणून आपलं साधं बोलले. "प्रभू, मी यांना आईशेजारी नेऊ शकले नाही. मला जेवढं जमलं तेवढं इथवर आणलं. इथून पुढं तू सांभाळ. मी हात सोडते." आमेन म्हणायला कुणी नव्हतं. अप्पा सदऱ्याच्या आत गळ्यातल्या लिंगावर हात ठेवून डोळे मिटून उभे होते. मी माझं आमेन मीच म्हटलं आणि पहिली मूठ टाकली. भीती गेली होती असं नाही. दात वाजत होते. पण इतकी भ्यायलेली असूनही मी उभी होते, आणि ते उभं राहणं माझं नव्हतं, एवढं मी शपथेवर सांगेन.

पाणी उतरल्यावर सुनील पाळकसाहेबांना घेऊन आला. आल्या आल्या चिडला. परवानग्या काढू, पप्पांना इथून काढून लातूरला नेऊ, तू शब्द दिला होतास, असं बरंच बोलला. मी त्याच्याशी वाद घातला नाही. दोघांना माळावर घेऊन गेले. अप्पा तिथंच होते, पावसानं खचलेली पप्पांच्या कबरीची माती थापून सारखी करत होते. सुनील कोण हे मी सांगितल्यावर ते त्याला म्हणाले, "आमची अव्वा लई वर्सं हितं एकलीच हुती, बाबा. आता तिला सोबत झाली." सुनील तिथंच ओल्या मुरमावर बसला आणि लहानपणी रडायचा तसा रडला. पाळकसाहेबांनी प्रार्थना केली. लातूरला न्यायचा विषय सुनीलनं नंतर काढला नाही.

प्रभूचे आभार मानते, आणि अप्पांचेही. त्या दोघांना वेगळं करून आभार मानणं मला जमत नाही. मी अजून पालीला भिते, साहेबांना भिते. अप्पांच्या दुकानात चेंडू गेला तर मात्र आता स्वतः जाते आणि चार शब्द ऐकून घेऊन परत येते. लातूरला गेले की आईच्या कबरीवर फुलं ठेवते, आणि शेजारच्या रिकाम्या जागेवरचं गवत उपटते. पूर्वी त्या जागेसमोर मी माफी मागत बसायचे. आता तिथं उभी राहून आईला इतकंच सांगते की पप्पा माळावर आहेत, चांगल्या माणसांत आहेत. शेवटच्या दिवशी कबरीतून उठायची वेळ येईल तेव्हा प्रभू दोघांना नावानं हाक मारेल. आईला शोधत जायला पप्पांना माझी गरज पडणार नाही.