बाईंच्या नावाचा कायदा

मिस्त्रीचं दुकान मुळात सायकलींचं. त्याची थोरली बहीण एका इमारतीला रंग देताना परांचीवरून पडली आणि तिचं कमरेखालचं अंग गेलं. इस्पितळातून मिळालेली चाकांची खुर्ची इतकी अवजड निघाली, की ती ढकलता ढकलता मिस्त्रीच्याच कमरेची वाट लागायची. मग त्यानं सायकलीची चाकं आणि हलके नळे जोडून तिला दुसरी खुर्ची करून दिली. ती पाहून कुणीतरी आलं, त्याच्या पाठोपाठ आणखी कुणी आलं, आणि बघता बघता सायकली मागे पडल्या. ताई दुकानातच बसायची. हात तिचे चलाख होते आणि जीभ हातांपेक्षा चलाख. खुर्च्यांच्या गाद्या तीच शिवायची. गादी न वापरता तासन्‌तास बसणाऱ्यांची बिनपाण्यानं हजामत करायची कामगिरीही तिचीच.

अशा या दुकानात एके दिवशी बाई आल्या.

बाई म्हणजे पडद्यावरच्या बाई. नाव घ्यायची गरजच नव्हती. त्यांच्या सिनेमातले संवाद लहान पोरांनासुद्धा पाठ होते. गाडीच्या अपघातात त्यांचा पाठीचा कणा दुखावला, तेव्हा लोकांना वाटलं की आता ह्या दाराआड जाणार. त्या गेल्या नाहीत. खुर्चीत बसून सभांना जाऊ लागल्या, मंत्र्यांच्या दारात तळ ठोकू लागल्या. त्यांचा विषय होता स्टेम सेल, म्हणजे शरीरातल्या वेगवेगळ्या पेशी ज्यांच्यापासून घडतात त्या मूळच्या पेशी. त्यांच्यातून तुटलेला कणा कधी सांधता येईल का, याच्या संशोधनाला सरकारनं पैसा द्यावा, यासाठी कायदा हवा, असा त्यांचा हट्ट होता. आणि त्याच कायद्यात दुसरं एक कलम हवं होतं: उपचार सिद्ध होईपर्यंत तो कुणीही विकायचा नाही.

त्यांच्या परदेशी खुर्चीचा ब्रेक अडकत होता. मिस्त्री खाली बसून तो खोलत असताना ताईनं विचारलंच, "बाई, तुम्हाला काय कमी आहे? तुम्ही कुठंही जाऊन ते स्टेम सेलचं इंजेक्शन घेऊ शकता की."

"मला फुकट द्यायला तयार आहेत," बाई म्हणाल्या. "फक्त एक फोटो काढायचा त्यांच्या दवाखान्यात."

"मग?"

"मी प्रयोगातला उंदीर व्हायला एका पायावर तयार आहे. म्हणजे, पायात जोर असता तर." आणि दोघी खो खो हसल्या. हसू ओसरल्यावर बाई म्हणाल्या, "पण गिऱ्हाईक होणार नाही. उंदराला काय झालं ते कुणीतरी लिहून तरी ठेवतं. गिऱ्हाईक एकदा दाराबाहेर पडलं, की त्याचं काय झालं ते कोण विचारतं?"

पुढे दोघींचं चांगलं जमलं. बाईंनी जमवलेल्या देणग्यांवर एक प्रयोगशाळा चालत होती. तिथल्या संशोधक मॅडमनी ताईला तपासलं आणि पहिल्या चाचणीसाठी निवडलं. "बरं वाटेल असं मी म्हणत नाही," मॅडमनी बजावलं होतं, "काही बिघडत नाही ना, एवढंच आधी पाहायचं आहे." ताईनं मान डोलावली, पण त्या दिवसापासून ती गाद्या शिवताना गुणगुणू लागली.

बाई गेल्या त्या अगदी साध्या दुखण्यानं. बसून बसून पाठीच्या खाली झालेली जखम चिघळली, ताप अंगात भिनला, आणि चार-दोन दिवसांत सगळं आटोपलं. मिस्त्रीनं ते रेडिओवर ऐकलं. हातातलं चाक त्यानं फिरतं तसंच सोडून दिलं. ताईनं शिवत असलेली गादी बाजूला ठेवली. मग म्हणाली, "जखम रोज बघा म्हणून मी ओरडले होते रे त्यांना."

त्यानंतर जे उसळलं ते पाहून कुणाचाही ऊर भरून आला असता. रस्त्यारस्त्यावर बाईंचे फोटो लागले. आजवर ज्यांनी कायदा लोंबकळत ठेवला होता, तेच आता डोळे पुसत भाषणं करू लागले. बाईंचा धाकटा भाऊ, जो त्यांच्या अपघातानंतर फारसा फिरकला नव्हता, तो सगळीकडे पुढच्या रांगेत दिसू लागला. मंत्री म्हणाले, कायदा बाईंच्या नावानं होईल आणि ताबडतोब होईल.

"बघ, मेल्यावर का होईना, जिंकल्या," मिस्त्रीची बायको म्हणाली.

मिस्त्रीच्या मनात मात्र पाल चुकचुकली. शोकसभेत भावाच्या शेजारी बसलेला गृहस्थ त्यानं ओळखला होता. बाईंनी नाव घेऊन सांगितलेला, त्यांना फुकट इंजेक्शन देऊ करणारा दवाखानेवाला तोच. खुर्चीचा ब्रेक मोकळा करून घ्यायला बाई आल्या, त्याच्या आदल्याच आठवड्यात तो आपल्या उपचारांचं मोठं प्रदर्शन भरवून बसला होता आणि मिस्त्री तिथं खुर्च्या मांडायला गेला होता.

कायदा झाला. सभागृहात सगळे उभे राहिले, कुणी विरोधात बोललं नाही. त्या दिवसांत विरोधात बोलणं म्हणजे बाईंच्या विरोधात बोलणं होतं. संशोधनाला पैसा देण्याचं कलम राहिलं, पण ‘यथावकाश’ या शब्दाला टांगून. आणि विकायला बंदी घालणारं कलम गळलं. रुग्णांना वाट पाहायला वेळ नसतो, असं कारण दिलं गेलं. पुराव्याला बाईंचाच एक फोटो दाखवला, शेवटच्या आजारातला.

संशोधक मॅडम स्वतः दुकानात आल्या. देणगीदार आता बाईंच्या भावाच्या संस्थेकडे वळले होते, सरकारी पैशाचा पत्ता नव्हता, आणि प्रयोगशाळेची वीज कधी तुटेल याचा नेम नव्हता. "चाचणी होणार नाही," त्या ताईच्या समोर स्टुलावर बसून म्हणाल्या. "मी तुम्हाला फोनवर सांगू शकले नाही."

"पुढे कधी?"

मॅडमनी पिशवीतून ताईच्या तपासणीचे कागद काढून तिच्या मांडीवर ठेवले.

त्यानंतर दुकानात एक नवीनच प्रकार सुरू झाला. त्या दवाखान्यात इंजेक्शनसाठी नाव नोंदवून आलेले लोक खुर्च्या विकायला आणू लागले. "घेऊन टाका मिस्त्री, आता लागणार नाही," म्हणायचे, आणि चेहऱ्यावर असा उजेड, की त्यांच्याशी वाद घालणं जिवावर यायचं. तरी तो घालायचा. बाई काय म्हणायच्या ते सांगायचा. एकानं त्याचं सगळं ऐकून घेतलं आणि खांद्यावर हात ठेवून म्हटलं, "मिस्त्री, आम्ही चालायला लागलो तर तुमचं दुकान बसेल, ही भीती समजते मला."

मिस्त्रीनं त्याची खुर्ची उचलून भिंतीला लावली. खरंच, खुर्च्यांवर पोट भरणाऱ्या माणसानं चालू नका म्हणणं कसं दिसतं! त्या दिवसापासून त्यानं वाद घालणं सोडलं. भिंतीला मात्र एकावर एक रिकाम्या खुर्च्या साठत गेल्या. बायकोला संध्याकाळी दिवा लावायला तिथं जायची भीती वाटू लागली. "माणसं उठून गेल्यासारखं वाटतं हो," ती म्हणायची.

आणि मग ताई म्हणाली, "मलाही जायचंय."

"ताई, तू? बाईंचं बोलणं तू स्वतःच्या कानांनी ऐकलंस."

"ऐकलं. बाई मेल्या. चाचणी मेली. आता मी कशाची वाट बघू, ते सांग ना."

"तिथं काय टोचतात ते त्यांचं त्यांना तरी माहीत आहे का?"

"नसेल. पण हे बघ, तू माझा भाऊ आहेस, मालक नाहीस." मग तिचा आवाज खाली आला. "अरे, एकदा खोटं का होईना, कुणीतरी मला ‘होईल’ म्हणू दे."

मिस्त्रीनं हात टेकले. ती चुकत होती असं त्याला वाटत होतं, पण तिचा हक्क नाही असं मात्र म्हणता येत नव्हतं. तोच तिला घेऊन गेला. दवाखाना चकाचक होता. आत शिरताच भिंतभर बाई हसत होत्या, अपघाताच्या आधीच्या, उभ्या. कायद्याचं नाव सोनेरी अक्षरांत. पांढऱ्या कोटातला एक तरुण भराभर बोलत होता आणि प्रत्येक वाक्यात ‘बाईंचं स्वप्न’ म्हणत होता. मिस्त्रीनं विचारलं, "नंतर काही बिघडलं तर?" तो तरुण हसून म्हणाला, "काका, सकारात्मक विचार ठेवा."

पाठीत सुई गेली. पहिल्या काही आठवड्यांत ताईला पावलांत ऊब जाणवली. ती रडली, बायको रडली, मिस्त्री बाहेर जाऊन उभा राहिला. आपण चुकलो असू तर किती बरं होईल, असं त्याला मनापासून वाटलं. दुकानाच्या गिऱ्हाइकांनी हे ऐकलं, आणि त्यातले दोघे तिकडेच गेले.

मग पाठ दुखू लागली. दुखणं वर चढत गेलं. एके सकाळी गादी शिवताना ताईच्या हातातून सुई पडली. तिनं ती उचलली, पुन्हा पडली. "बोटं झोपलीत," ती हसून म्हणाली, पण मिस्त्रीनं लगेच दुकान बंद करून तिला नेलं. दवाखान्यात ‘हे सुईमुळे नाही, मूळ दुखणंच वाढलंय’ असं सांगून त्यांना वाटेला लावलं. सरकारी इस्पितळात मशीनखाली घातल्यावर कळलं, की सुई टोचली तिथं कण्याशी एक गाठ वाढली आहे आणि ती वर सरकते आहे. संशोधक मॅडमना कळलं तशा त्या धावत आल्या. गाठीची छायाचित्रं त्यांनी खिडकीशी धरून पुन्हा पुन्हा पाहिली. अर्धीच गाठ काढता आली. ताईचे हात परत आले नाहीत.

मॅडमनी खटपट करून सरकारी समितीपुढं ताईला बोलायची संधी मिळवून दिली. लांबलचक टेबल, पाण्याचे ग्लास, पलीकडे गंभीर माणसं. ताईनं काय झालं ते सांगितलं, कुठंही रडगाणं न गाता. अध्यक्ष भला माणूस होता. त्याचे डोळे पाणावले होते. तो म्हणाला, "ताई, तुमचं दुःख आम्हाला कळतं. पण बाईंच्या नावाच्या कायद्याला आता हात लावायचा म्हणजे... लोक ऐकून घेणार नाहीत."

"बाईंनी मागितलेलं कलमच तर मी परत मागतेय," ताई म्हणाली.

"तसं त्यांचं लेखी काही आहे का?"

"सभेसभेत ओरडून सांगत होत्या त्या. तुम्ही पुढच्या रांगेत बसला होतात."

अध्यक्षानं शेजाऱ्याकडं पाहिलं. शेजाऱ्यानं घड्याळाकडं. विषय पुढच्या बैठकीवर ढकलला गेला, आणि ती बैठक अजून भरायची आहे.

बाईंच्या भावाला मात्र मंत्रिपद मिळालं, आणि दवाखान्याच्या शाखा पसरल्या. मिस्त्रीच्या दुकानासमोर बंद पडलेली बँक होती, तिथंही रंगकाम सुरू झालं. पाटी चढली तेव्हा मिस्त्रीनं दुकानाचं शटर खाली ओढायला हात घातला.

"ओढू नकोस," ताई आतून म्हणाली. "मला पुढं आण. जाणारे दिसले पाहिजेत."

त्यानं तिला उंबऱ्याशी आणून बसवलं, मान टेकवून, पट्टे बांधून. थोड्या वेळानं रस्त्यापलीकडे एक बाप आपल्या तरुण मुलीला खुर्चीतून ढकलत आला. मुलगी पाटीकडं पाहत होती. ताईनं हाक मारली. तिचा आवाज पूर्वीसारखा राहिला नव्हता. मिस्त्रीला जाऊन त्यांना थांबवावं लागलं. ती दोघं आली. ताई बराच वेळ बोलत राहिली, सगळं सांगितलं, हातांबद्दल, गाठीबद्दल. बापानं नीट ऐकून घेतलं. मुलीनं पुढं वाकून ताईच्या निर्जीव बोटांवर क्षणभर आपला हात ठेवला.

"काळजी घ्या हं, मावशी," ती म्हणाली.

मग बापानं खुर्ची वळवली. दोन्ही बाजूंनी गाड्या येत नाहीत ना, हे त्यानं काळजीपूर्वक पाहिलं, रस्ता ओलांडला, आणि काचेचं दार खांद्यानं ढकलून तो मुलीला आत घेऊन गेला.