बियाण्याचं पडवळ

“ज्यानं कापलं त्यानं मुकाट्यानं खिडकीत यावं. नाहीतर मी खाली येतो.”

माझे सासरे स्वयंपाकघराच्या खिडकीतून अर्धे बाहेर लटकून ओरडत होते. काखेत पासबुकाची पिशवी, पायांत चपला. चपला घालून स्वयंपाकघरात आलेले बाबा मी त्या दिवशी पाहिले, ते पहिले आणि शेवटचे. आवाज असा, की सानपाडा स्टेशनवर बाकावर बसलेली माणसं उठून उभी राहिली म्हणतात. मी खोटं बोलत नाही, फार तर थोडं वाढवून सांगते.

खालच्या मजल्यावरच्या काकूही काही कमी नव्हत्या. त्या मूळच्या करावे गावच्या. खाडीत या होडीतून त्या होडीत बोलणाऱ्या घरात लहानाच्या मोठ्या झालेल्या. त्यांच्यासमोर एक मजला म्हणजे काय.

“मी कशाला कापू तुमचं पडवल? माज्या घरात कोन खातंय ते? रोज तुमचा दगड माज्या काचेवर हजेरी लावतो, तवा नाय कोन आलं विचारायला.”

आणि मी? मी बाबांच्या मागे दोन हातांवर, गॅसपाशी उभी होते. समोर कढई, कढईवर झाकण, आणि झाकणाखाली ते पडवळ. चणाडाळ घालून केलेलं.

आता हे नीट सुरुवातीपासून सांगायला हवं.

आमची बिल्डिंग खाडी बुजवून केलेल्या जमिनीवर उभी आहे. कुंडी भरावी म्हणून खाली मागच्या बाजूला खणलं, तर मुरूम, फरशीचे तुकडे आणि शिंपले. चव घेऊन बघितली तर खारट. (मी नाही घेतली, बाबांनी घेतली.) अशा मातीत काँग्रेस गवतसुद्धा विचार करून उगवतं. म्हणून बाबा दर खेपेला कोकणातल्या आपल्या गावाहून एक पिशवी माती आणायचे. इतकी वर्षं इतकी माती आणली, की गावातली घरं आता पूर्वीपेक्षा उंच दिसतात, जमीनच खाली गेली ना. एसटीचा कंडक्टर पिशवी उचलून बघायचा आणि विचारायचा, काका, तांदूळ का? बाबा म्हणायचे, तांदळाची आई.

खिडक्यांना बाहेर काढलेल्या ग्रिलमध्ये आमचं शेत. रंगाच्या रिकाम्या बादल्या, मासळीचे थर्मोकोलचे खोके, एक गळका प्रेशर कुकर. खोके काकूंच्याच भावाकडून यायचे, तेव्हा दोन्ही घरांचं चांगलं होतं. कढीलिंबाला आंबट ताक, मिरचीला बांगडे धुतलेलं पाणी, गुलाबाला चहाचा चोथा. आमच्या घरात माणसांच्या आधी झाडांची पानं वाढली जायची. बांगड्याचं पाणी घातलं की जुईनगरपासूनची मांजरं आमच्या पार्किंगमध्ये सभेला जमायची. पण मिरची अशी यायची, की एक चिरली तर शेजारच्या विंगमध्ये शिंका.

माझं माहेर साताऱ्याकडचं, म्हणजे उसाचं. मी लग्न होऊन आले तेव्हा मला झाडातली फक्त उंची कळायची. सगळं शिकवलं ते बाबांनी, तेही न शिकवता. सकाळी चहाचा कप हातात घेऊन ते ग्रिलपाशी उभे राहायचे, आणि मी डबा भरता भरता बघायचे. मातीत बोट खुपसायचं, पहिल्या पेरापर्यंत कोरडं लागलं तरच पाणी. बी पेरायची ती तिच्या जाडीच्या दुप्पट खोल, त्याहून खोल गेली तर ती रुसते. रोप हलवायचं ते संध्याकाळी, म्हणजे रात्रभर त्याला नव्या घराची सवय होते. हे ऐकल्यावर मला वाटलं होतं, मला मात्र या घरात भर दुपारी आणलं.

तर पडवळ. बाबांच्या थोरल्या बहिणीच्या परसात पडवळाचा मांडव असायचा. एकेक पडवळ माणसाएवढं लांब, आणि माणूस उंच. ही जात तिच्या सासूपासून चालत आलेली, बाजारात कुठे मिळायची नाही. शेवटच्या भेटीत आत्यांनी बाबांना लुगड्याच्या चिंधीत पाच बिया बांधून दिल्या. त्यानंतर महिन्याभरात आत्या गेल्या. घराला कुलूप लागलं, मांडव कोसळला. त्या जातीचं जगात जे काही उरलं ते आमच्या पाच बियांत. दोन कुजल्या, एक मुंग्यांनी नेली, एक रोप कबुतरानं खुडलं. पाचवी उगवली.

त्या एका वेलीनं आमचं घर ताब्यात घेतलं. दोऱ्या बांधल्या तिथे ती गेलीच, नव्हत्या तिथेही गेली. एकदा मी मोबाईल चार्जिंगला लावून आंघोळीला गेले, बाहेर आले तर वेलीचा तणावा वायरीला विळखा घालून पुढे कुणाला फोन लावू म्हणून बघत होता. फुलं संध्याकाळची उमलायची, पांढरी, कडेला क्रोशाची झालर विणल्यासारखी. आमच्या उंचीवर किडे-पाखरं फार यायची नाहीत, म्हणून दिवेलागणीला बाबा स्टुलावर उभे राहायचे आणि कान साफ करायच्या कापसाच्या काडीनं नरफुलातले पराग मादीफुलावर टेकवायचे. मी स्टूल धरायचे. ते कुजबुजत काहीतरी बोलायचे. मंगलाष्टकं असावीत. बाहेर दिव्यांच्या माळा लागलेल्या, कुठल्या तरी घरातून फोडणीचा वास येतोय, आणि आम्ही सासरा-सून श्वास रोखून एका फुलाचं लग्न लावतोय. त्या अर्ध्या तासासारखा अर्धा तास मला पुढे कुठे मिळाला नाही.

फळ धरलं की ते वाकडं-तिकडं होऊ नये म्हणून त्याच्या टोकाला सुतळीनं दगड बांधायचा, ही कोकणातली रीत. दगडाच्या वजनानं ते सरळ खाली वाढतं. आमची पडवळं अशी सरळ खाली वाढत वाढत काकूंच्या खिडकीपुढे पोचली. वारा आला की दगड त्यांच्या काचेवर टक टक. काकूंनी आधी हसून सांगितलं, मग न हसता सांगितलं, मग सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर फोटो टाकला. बाबा म्हणाले, निसर्गाला मजले कळत नाहीत. काकू म्हणाल्या, मला विळी चालवता येते. त्यावर बोलणं बंद.

बाकीची पडवळं आम्ही खाल्ली, वाटली, ज्यांना नको त्यांनाही दिली. शेवटच्या, सगळ्यांत लांब पडवळाला बाबांनी लाल चिंधी बांधली. हे बियाण्याचं, हे वेलीवरच पिकून लाल व्हायचं, मग त्याच्या बिया राखेत घोळून ठेवायच्या. हे त्यांनी सासूबाईंना सांगितलं, वॉचमनला सांगितलं, खालच्या मजल्याला ऐकू जाईल असं दोनदा सांगितलं. मला सांगायचं राहिलं. मी रोज स्टूल धरणारी, मला काय सांगायचं. आणि मला वाटलं, चिंधी दृष्ट लागू नये म्हणून बांधली. आमच्याकडे उसाची कांडी पुरली की ऊस येतो. उसाला कुणी बी राखून ठेवलेलं मी ऐकलं नव्हतं.

त्या दिवशी सासूबाई बहिणीकडे उरणला गेलेल्या, बाबा बँकेत. माझ्या भावाचा फोन आला, वाशीत आलोय, सोबत बायकोचे आईवडील आहेत, जेवायलाच येतो. घरात भाजी म्हणून दोन कांदे. मी खिडकीतून बघितलं तर ते लांबच लांब पडवळ. विहिरीतून पोहरा ओढावा तसा वेल ओढून मी ते वर घेतलं, दगड सोडला, चिंधी सोडली आणि चिरलं. जरा निबर लागलं. आत बिया टणक होत्या. गर आणि बिया काढून ओल्या कचऱ्याच्या डब्यात टाकल्या. पाहुणे जेवून वाखाणून गेले, कचऱ्याची गाडी डबा घेऊन गेली, आणि मग बाबा आले.

आता तुम्ही मला परत गॅसपाशी उभी करा.

काकूंचं आणि बाबांचं चांगली दहा मिनिटं चाललं. सगळ्या खिडक्या उघडल्या. ‘बियाणं’ हा शब्द मी तेव्हा पहिल्यांदा नीट ऐकला आणि कढईवरचं झाकण घट्ट दाबून धरलं. ते म्हणत होते, बहिणीची शेवटची वस्तू होती, खायची तर खुशाल खायचीत, दोन बिया तरी मागे ठेवायच्या. काकूंचा आवाज त्यावर एकदम खाली आला. मी नाय कापलं, एवढंच त्या म्हणाल्या. बाबा ते ऐकायच्या पलीकडे होते. जेवून खाली जातो आणि लेखी तक्रार करतो, असं सांगून ते चपला काढून पाटावर बसले.

कढईत एका माणसापुरती भाजी होती. मी डाळ-भात वाढला. ते म्हणाले, भाजीचा वास येतोय. मी भाजी वाढली आणि सांगितलं, स्टेशनबाहेरच्या भाजीवालीकडचं पडवळ आहे. बाजारच्या पडवळाला बाबा बागेतला पाइप म्हणायचे. त्यांनी एक घास घेतला, चावता चावता थांबले. मला वाटलं, आता पाइपवर व्याख्यान. पण नाही. त्यांनी ताट जवळ ओढलं. मग सगळी भाजी संपवली, हात धुतले, चपला घातल्या आणि खाली गेले.

मी जिन्यात कान लावून उभी. भांडण नाही, काही नाही. अर्ध्या तासानं ते चहा पिऊन वर आले. दुसऱ्या दिवशी काकूंनीच मला सांगितलं, तुमचे बाबा हात जोडून गेले गो, म्हनाले माजी चूक झाली, वटवाघळानं नेलं. मीच विचारलं त्यांना, दगडासकट? तर म्हनाले, मोठं होतं.

देवच पावला, असं मला वाटलं. ते वटवाघूळ मी दोन्ही हातांनी धरलं. पाहुण्यांना सांगितलं, ग्रुपवर सांगितलं, माझ्या मुलीला तर भात भरवताना रोज सांगितलं. पहिल्या वर्षी ते कावळ्याएवढं होतं. पुढे त्याचे पंख सोसायटीच्या गेटएवढे झाले, आणि ते खाडीपलीकडून खास पडवळासाठी यायला लागलं. बाबा शेजारी बसून ऐकायचे आणि मध्येच मान हलवायचे, हो, मोठं होतं. काकूंशी त्यांचं पुन्हा जमलं, खोकेही परत यायला लागले.

त्यानंतर आम्ही दर वर्षी पाकिटातलं बी लावतो. येतं, नाही असं नाही. वीत-दीड वीत, गुळगुळीत, पहिल्या बाकावरच्या मुलासारखं आपणहून सरळ. खातो आणि विसरतो. फुलं मात्र तीच, संध्याकाळची, झालरीची. आता स्टुलावर मी चढते आणि बाबा खुर्चीत बसून स्टुलाचा पाय धरतात.

गेल्या पावसाळ्याच्या तोंडावर आम्ही दोघं बादल्या भरत बसलो होतो. त्यांची बोटं आता मातीतसुद्धा थरथरतात. मी पाकीट फाडलं, पाच बिया त्यांच्या तळहातावर ठेवल्या, आणि का कोण जाणे, माझ्याच्यानं राहवेना. सगळं सांगितलं. भाऊ, पाहुणे, चिंधी, चणाडाळ, कचऱ्याची गाडी. एकही गोष्ट वाढवून सांगितली नाही, आयुष्यात प्रथमच. बाबा, म्हटलं, वटवाघूळ नव्हतं ते. मी होते.

त्यांनी अंगठ्यानं एक बी मातीत दाबली, वर माती लोटली.

“बी दाताखाली आली होती,” ते म्हणाले.