तक्त्यावरची शेवटची ओळ

आज माझ्या उजव्या डोळ्याला मक्याचा किडका दाणा ओळखू येतो, तो निर्मलाताईंमुळे. जालन्यात डोळ्यांच्या दवाखान्यात त्या मशीनवर डोळ्यांचे फोटो काढायच्या. फोटो निघेपर्यंत स्वतःचाच श्वास धरून ठेवायच्या.

मी सातवीतून शाळा सोडलेली. गाव लांब, यवतमाळकडं. इथं एमआयडीसीत बियाणं निवडायला होते. मक्याचं टरफल उडून उजव्या डोळ्यात गेलं. कुणीतरी सांगितलं म्हणून मी मध घातला आणि डोळा पिकला. औषधानं जखम भरली, पण बुबुळावर पांढरं फूल पडलं. सुपरवायझर म्हणाला, "डोळ्याचा कागद आण, मगच कामावर ये."

त्या धास्तीनं मी डाव्या डोळ्यानं दवाखान्यातला भिंतीवरचा अक्षरांचा तक्ता पाठ केला आणि उजव्याची पाळी आली तेव्हा घडाघडा म्हटला. कागदावर नजर चांगली लिहिली गेली. मग फोटोला पाठवलं.

"डोळा हाय का फुलपाखरू? थांब की जरा," ताई म्हणाल्या. तीनदा फोटो काढला. मग एकदा कागद पाहिला, एकदा पडदा, आणि दार लोटलं.

"फूल बराबर मधोमध हाय, पोरी. अन् तू शेवटची ओळ वाचून राह्यली? पाठ केल्ती न?"

मला रडू फुटलं. "ताई, काम जाईल माझं."

"अन् डोळा गेल्यावर काम राहतं का? हा कागद पाहून डॉक्टर तुला घरी धाडतील. मंग?"

हाताला धरून त्यांनी मला दुसऱ्या तक्त्यापुढं उभं केलं. फक्त सगळ्यात वरचं अक्षर दिसलं. तेच त्यांनी माझ्या कागदावर नव्यानं लिहून घेतलं. मग पडद्यावर बुबुळाचा उभा छेद दाखवला. "भाकरीला पापुद्रा असतो न, तसं. डाग वरच्याच पापुद्र्यात हाय. खोल असता तर लेझर न्हाई चालला असता." तेच फोटो पाहून डॉक्टरांनी लेझरनं किती खरवडायचं ते ठरवलं.

लेझरनंतर डोळा फार झोंबला. इथं माझं कुणी नव्हतं. ताईंनी घरी नेलं. थेंब घालताना रोज म्हणायच्या, "वर बघ. छताला जाळं लागलं का, सांग."

एके सकाळी मी म्हणाले, "हो ताई, कोपऱ्यात."

त्यांनी थेंबांच्या बाटलीला बूच लावलं. मग म्हणाल्या, "मंग झाडू घे."

आता ताई घरीच असतात. त्यांना मोतीबिंदू आलाय आणि ऑपरेशन त्या पुढं ढकलतात. ताई, ज्या दिवशी ते होईल, त्या दिवसापासून थेंब मी घालणार. वर बघा म्हणेन. दिसेल तेच सांगायचं, पाठ केलेलं नाही.